चौथ्या रांगेची धूळ

लोखंडाची एवढी काळजी करणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. आमच्या गावात पोराला खोकला झाला तर म्हणतील, जाईल आपोआप. म्हाताऱ्याचा गुडघा धरला तर म्हणतील, वय झालं. पण गाडीच्या दाराखाली नखाएवढा तांबूस ठिपका दिसू दे, की यांची झोप उडालीच म्हणून समजा.

आता तसं यांचं अगदीच चूक आहे असंही नाही. नोव्हेंबर ते एप्रिल आमच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला इतकं मीठ टाकतात, की गाडी दाराबाहेर काढली म्हणजे लोणच्यातच घातली. चार-सहा हिवाळ्यांत पत्र्याची चाळण होते. म्हणून बर्फ पडायच्या आत, ऑक्टोबरात, जो तो गाडीला तेल मारून घेतो. दारांना आणि खालच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, भोकातून नळी घालून आत तेलाचा फवारा मारायचा, वरून प्लॅस्टिकचं बूच ठोकायचं. गाडीचं सगळं पोट तेलानं माखून काढायचं. मग ती गाडी जिथे उभी राहील तिथे ठिबकत बसते.

इथवर माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं पुढे आहे. तेल मारलं की गाडी मातीच्या रस्त्यावर पळवायची, ही इथली आज्या-पणज्यांपासूनची रीत. धूळ उडते, ओल्या तेलाला चिकटते, तिचा लेप बसतो, आणि तेल हिवाळाभर टिकतं म्हणतात. आमच्याकडे शेतं नदीपासून मागे रांगेनं गेलीत, म्हणून रस्त्यांनाही रांगच म्हणतात. पहिली रांग, दुसरी रांग, तिसरी रांग, सगळीकडे डांबर पडलं. राहिली चौथी. आणि चौथ्या रांगेवर माणसं राहतात असं घर एकच उरलंय, ते आमचं.

ओमेर माझा नवरा. त्याचा उभा जन्म सीडरच्या लाकडाच्या कारखान्यात गेला. छपराला लावायच्या फळ्या कापायच्या, दिवसभर तो तांबडा भुसा नाकातोंडात. कारखाना बंद पडला, भुसा मात्र छातीतच राहिला. आता त्याच्या नाकात नळी असते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला घरात गुरगुरणारं ऑक्सिजनचं यंत्र. थंडी पडली की बाहेरचा वारा त्याला चालत नाही. दार लावलं की ते मे महिन्यातच उघडायचं. या उन्हाळ्यात रिमूस्की शहरातल्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर मी तरी धरून चालणार नाही. मी ओमेरला सांगितलं नाही. त्याला न सांगताच कळलं होतं.

म्हणजे उरला हाच एक ऑक्टोबर. त्याला एवढंच हवं होतं, की बर्फ पडेपर्यंत रोज दुपारी व्हरांड्यात खुर्ची टाकून उन्हात बसावं. माणसानं आयुष्याच्या शेवटाला याहून कमी काय मागावं, सांगा मला.

आणि नेमकं त्याच महिन्यात, त्याच उन्हात, अख्ख्या गावाला माझ्या दारात धूळ खायला यायचं असतं.

एक गाडी गेली की धुळीचा लोट उठायचा. तो खाली बसतोय तोवर तीच गाडी पुढे वळून परत यायची. दोरीवरच्या चादरी पिवळ्या. खिडक्या पिवळ्या. ओमेरच्या मिशा पिवळ्या. तो खोकायला लागला की खुर्चीचे हात धरून पुढे वाकायचा, ओठ निळे पडायचे, डोळ्यांतून पाणी. आणि खोकला थांबला न थांबला की येणाऱ्या गाडीला हात वर करायचा.

"त्यांना काय हात दाखवतोस?" मी म्हणायचे.

"बेकरीवाला आहे," तो म्हणायचा. "मागच्या चाकाचा आवाज ऐकलास? बेअरिंग गेलंय त्याचं."

"तुझं फुप्फुस गेलंय, ते बघ आधी."

"ते जुनं आहे," म्हणायचा, आणि वळणाकडे बघत बसायचा.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याच्यावरही आणि त्या गाडीवाल्यांवरही. मी एका फळीवर 'हळू चला, आजारी माणूस आहे' असं रंगवून रस्त्याच्या कडेला ठोकलं. त्यानं काहीएक फरक पडला नाही, कारण हळू गेलं तर धूळ उडत नाही, आणि धूळ उडवायलाच तर हे येतात. दोन दिवसांत ती फळीही वाचता येईना, इतकी माखली.

आता खरी गंमत ऐका. तेल मारायचं गॅरेज माझ्या सख्ख्या भावाचं, रेआलचं. गाडी खाली उतरवली, किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात दिली, की हा माझ्या पाठचा म्हणणार, "जा आता चौथ्या रांगेवर, दोन-चार फेऱ्या मारा. जरा जोरात."

मी गॅरेजवर गेले. एक गाडी वर चढवलेली, रेआल तिच्याखाली उभा, तेलानं काळा झालेला, चष्म्याच्या काचांवरसुद्धा थेंब. भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर गिऱ्हाइकं कागदी पेल्यातली कॉफी पीत बसलेली.

"फवारा बंद कर," मी म्हटलं.

"बोल तू. मला ऐकू येतंय."

"बंद कर म्हणते ना."

त्यानं बंद केला.

"लोकांना माझ्या दारात पाठवू नकोस. ओमेरला श्वास घेता येत नाही."

"अगं, मग पाठवू कुठे? दुसरीकडे सगळं डांबर आहे."

"धुळीशिवाय पाठव घरी."

"धुळीशिवाय तेल मारायचं तर मारायचंच कशाला? सगळं ठिबकून जाईल. बाबासुद्धा तेच करायचे."

"बाबांची गाडी तरीही सडली होती. मागच्या सीटवर बसलं की पायाखालून रस्ता दिसायचा, विसरलास?"

खुर्च्यांवरचं कुणीतरी हसलं. रेआलचे कान लाल झाले. "तू असं कर ना," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, आणि तो सूर मला लहानपणापासून सहन होत नाही, "ओमेरला दुपारचं जरा आत बसव. गाड्या संपल्या की संध्याकाळी बाहेर आण."

"ऑक्टोबरात ऊन दुपारी असतं, दीडशहाण्या. संध्याकाळी त्याला काय अंधार दाखवू?"

खुर्चीवरचा एक जण, नोटरी, चांगला भला माणूस, पण भल्या माणसांचाही कधीकधी वीट येतो, तो म्हणाला, "आम्ही हळू जाऊ की, बाई. तुमच्या घरापुरतं."

"हळू नका जाऊ, हळू गेलं की लेप..." रेआल बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

मी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. "लोखंडाला जिथे जिथे भोक असेल तिथे तुम्ही तेल घालता," मी म्हटलं, "आणि माझ्या नवऱ्याच्या छातीत माती. त्याला पण चार भोकं पाडून आणू का इथे? मारशील फवारा?" मी बाहेर पडेपर्यंत फवारा परत सुरू झाला होता.

तिथून तडक गावच्या कचेरीत. आमची महापौर ल्युसेत. शाळेत एका बाकावर बसायचो, आणि तेव्हापासून आमचं एकमेकींशी पटलेलं नाही. तिला मी म्हटलं, उन्हाळ्यात तुमचा ट्रक मातीच्या रस्त्यावर कॅल्शियम टाकून जातो, धूळ बसावी म्हणून. आत्ता एकदा पाठव.

"अगं, ते मे महिन्यात टाकतात," ल्युसेत म्हणाली. "आता ऑक्टोबरात कोण टाकतं? थोड्या दिवसांत बर्फ पडेल, धूळ आपसूक बसेल."

"बर्फ पडला की ओमेर आत जाईल. मग ती धूळ बसली काय नि नाचली काय."

"ते खरं आहे, ओदील, मला वाईट वाटतं. पण एका घरासाठी ट्रक काढता येत नाही."

एका घरासाठी. हे तिनं म्हणायला नको होतं. मी तिला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. बाहेरच्या खोलीतली मुलगी टाइप करायची थांबली, एवढंच सांगते.

पण घरी येताना गाडीत माझ्या डोक्यात तो एकच शब्द घोळत राहिला. कॅल्शियम. आता कॅल्शियम म्हणजे काय हो? मीठच ते. हवेतलं पाणी ओढून घेतं, माती ओली ठेवतं, म्हणून धूळ उडत नाही. हिवाळ्यात हमरस्त्यावर बर्फ वितळवायला टाकतात त्यातही तेच असतं. म्हणजे ज्याच्या धाकानं हे लोक गाड्यांना तेल पाजतात, तेच हे. आणि ते ताज्या ओल्या तेलात, नुकत्या पाडलेल्या भोकांच्या आसपास जाऊन बसलं तर काय होईल, ते मला चांगलं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मला हुरूप आला. यात लाजण्यासारखं मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आजही फारसं वाटत नाही.

शेतकरी सहकारी दुकानातून पोती आणली. पूर्वी आम्ही मेंढ्या ठेवायचो, तेव्हाचा लहान ट्रॅक्टर आणि खत फेकायचं यंत्र अजून आहे. सकाळी दव असतानाच मी वळणापासून पुलापर्यंत सगळा रस्ता पांढरा करून टाकला. ऊन वर आलं तोवर ते पांढरं विरघळून माती गडद झाली, ओल्या चॉकलेटसारखी. मी हात धुतले, कॉफी केली, आणि वाट बघत बसले.

पहिली गाडी आली ती बेकरीवाल्याच्या भावाची. जोरात आली. धूळ नाही. पुढे जाऊन वळली, आणखी जोरात आली. तरी धूळ नाही. त्यानं काच खाली करून मागे वाकून बघितलं, डोकं खाजवलं, आणि आणखी दोन फेऱ्या मारल्या. चाकांखालून करड्या चिखलाचे शेंतोडे थेट गाडीच्या पोटावर बसत होते, तेलावर अगदी छान चिकटत होते. मी व्हरांड्यात हाताची घडी घालून उभी. म्हटलं, घ्या मेल्यांनो, पोटभर घ्या.

दिवसभर असंच चाललं. धूळ नाही म्हटल्यावर प्रत्येक जण जास्तच फेऱ्या मारायचा. जितक्या जास्त फेऱ्या, तितकं जास्त मीठ. मला हसू आवरेना.

"आज धूळ का नाही?" ओमेरनं विचारलं.

"दव पडलं होतं."

"दुपारी तीन वाजेपर्यंत?"

"मोठं होतं दव."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ती निळी गाडी पोस्टातल्या बाईच्या भावाची. रंग नवा मारलाय वाटतं." त्या दिवशी तो एकदाही खोकला नाही. चार वाजता मी त्याला आत नेलं तेव्हा त्याचे गाल लाल होते, आणि आपण कुणाचं काही देणं लागत नाही अशी माझी खात्री पटली होती.

रेआलचा फोन आला.

"रस्त्यावर काय टाकलंस?"

"मी काय टाकणार बाबा, मी म्हातारी बाई."

"ओदील, मी चाटून बघितलंय."

"काय चाटलंस?"

"बेकरीवाल्याच्या भावाच्या गाडीचं मडगार्ड."

मी फोनवर हात ठेवून हसले. पलीकडे रेआल चर्चमधल्या वेदीवरच्या एकेका भांड्याचं नाव घेऊन शिव्या देत होता, आमच्याकडे शिव्या त्याच असतात, आणि त्यानं एकही भांडं सोडलं नाही. म्हणाला, कडू मीठ आहे ते, ताज्या तेलात कालवलेलं, सगळ्या गाड्या बोलावून, खालून धुऊन, वाळवून, परत तेल मारावं लागणार. म्हणाला, पलीकडच्या गावात खाणीकडे जाणारा एक मातीचा रस्ता आहे, लांब पडतो, पण आता सगळ्यांना तिकडेच पाठवीन. "माझं एकही गिऱ्हाईक परत तुझ्या रांगेत फिरकायचं नाही."

"देव तुझं भलं करो," मी म्हटलं आणि फोन ठेवला. जिंकले होते मी. रात्रीच्या जेवणाला मी मुद्दाम ओमेरच्या आवडीची मांसाची कचोरी केली, भरपूर लवंग घालून.

मग शांतता आली.

पहिला दिवस फार सुंदर गेला. आकाश निळं, मेपलची पानं लालभडक, चादरी पांढऱ्याशुभ्र. ओमेर खुर्चीत, तोंड वळणाकडे. दूर कुठेतरी इंजिनाचा आवाज आला की त्याचं डोकं वर व्हायचं. आवाज हमरस्त्यानं निघून जायचा. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या पुढच्या दिवशी तो तासाभरातच म्हणाला, "आत जाऊ या." मला वाटलं थकला असेल. नंतर एका दुपारी त्यानं बाहेर यायलाच नको म्हटलं, आणि टीव्हीसमोर बसून राहिला. टीव्हीवर कुणीतरी बाई घर कसं रंगवावं ते दाखवत होती. ओमेरनं आयुष्यात कधी घराला ब्रश लावला नाही.

"चल बाहेर. ऊन आहे," मी म्हटलं.

"असू दे."

"हवा किती स्वच्छ आहे बघ. धुळीचा कण नाही."

"हो," तो म्हणाला. "कुणीच नाही."

माझा पारा चढला. "म्हणजे काय? तुला धूळ पाहिजे होती का? खोकला आवडत होता? ओठ निळे करून बसायला बरं वाटत होतं?"

तो बोलतो तेव्हा दर दोन-तीन शब्दांनंतर थांबतो, श्वास गोळा करतो. भांडताना हे फार वाईट, कारण समोरच्याला थांबावं लागतं. मी थांबले.

"वर्षभर कोण येतं आपल्याकडे?" तो म्हणाला. "पोरं मॉन्ट्रियलला. चर्च बंद. माझी ही नळी घेऊन मी कुठे जात नाही. ऑक्टोबरात सगळा गाव येतो. काच खाली करून ओरडतात, काय ओमेर, कसा आहेस. मी हात करतो. कुणाची गाडी कशी वाजते ते ऐकतो."

"ते तुझ्यासाठी येत नाहीत. धुळीसाठी येतात. थांबतसुद्धा नाहीत मेले."

"मला काय माहीत नाही का ते? पण येत होते ना."

"तुझा श्वास वाचावा म्हणून केलं मी सगळं."

"वाचवलास," तो म्हणाला. "आता त्याचं करू काय मी? ही बाई भिंत रंगवतेय, ती बघू?"

मी घराबाहेर पडले. गोठ्यात जाऊन एक बादली भिंतीवर फेकली, मग दुसरी. रेआलचा राग आला, ल्युसेतचा आला, नोटरीचा आला, ओमेरचा तर असा आला की इतकी वर्षं या माणसाबरोबर राहिले आणि यानं एका शब्दानं सांगू नये. तोंडानं नुसतं 'बेकरीवाला आहे, बेअरिंग गेलंय' म्हणायचं आणि मी त्यातून ओळखायचं. आणि मी ओळखलं नाही म्हणून माझा स्वतःचा राग आला, तो काढायला तर तिसरी बादलीही नव्हती.

रेआलला फोन केला. म्हटलं, पाठव लोकांना परत.

पलीकडे फवारा बंद झाला. मग तो म्हणाला, "तुझं डोकं फिरलंय का? त्या मिठावर तेल मारलेल्या गाड्या पाठवू? चांगला धो धो पाऊस पडून ते वाहून गेल्याशिवाय तिकडे कुणी येत नाही. आणि आता पाऊस कसला, बर्फच."

"कधी?"

"रविवारनंतर म्हणतायत."

मी फोन आपटला. असा आपटला, की त्याच्या कानठळ्या बसल्या असतील, आणि मला तेवढंच समाधान.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीतून पाहिलं तर वळणावर, जिथे डांबर संपतं अगदी तिथेच, एक गाडी उभी राहिली. ल्युसेतची. ती उतरली. दार लावलं. रस्त्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि चालत निघाली. माझ्या मिठात तिला चाकं घालायची नव्हती. वाऱ्यानं तिचा स्कार्फ उडत होता, हातात गावच्या शिक्क्याचा लिफाफा होता, आणि तिच्या चालीवरूनच कळत होतं की ती बोलायचं घोकत येतेय. मीही तोंडात सगळं तयार करून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. म्हटलं, ये, आजच होऊन जाऊ दे.

मागे दार वाजलं. ओमेर आपला आपण उठून आला होता, एका हातानं नळी ओढत. खुर्चीत बसला. शर्टाचं वरचं बटण लावलं.

"कोण आहे?" त्यानं विचारलं.

"ल्युसेत. भांडायला येतेय."

"चालत?"

"चालत."

तो वाकून रस्त्याकडे बघायला लागला. एवढा वेळ घेऊन, एवढ्या जवळून त्याच्याकडे येणारं माणूस त्यानं किती दिवसांत पाहिलं नसेल देव जाणे.

ल्युसेत पायरीपाशी पोचली ती धापा टाकत, बोट वर करून. "गावच्या रस्त्यावर," ती म्हणाली, "परवानगीशिवाय... तू स्वतःला समजतेस कोण... अर्ध्या गावाच्या गाड्या..."

"ल्युसेत, आधी बस," ओमेर म्हणाला. "केवढी दमलीस."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. माझ्याकडे चांगली उत्तरं होती, काही तर शाळेपासून साठवलेली. पण मी ओमेरकडे पाहिलं. तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर तसा रंग होता, मी मीठ टाकलं त्या दिवशी होता तसा. मी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ल्युसेतला बोलू दिलं.

ती बोलली. दुसरी खुर्ची ओढून बसली आणि बोलत राहिली. मी आत जाऊन कॉफी केली, काकवीची बिस्किटं ताटलीत काढली, बाहेर आणून तिच्यासमोर ठेवली. बिस्कीट खात खात ती मला बोलली. ओमेर मान डोलवत होता.

"बरोबर आहे तुझं," तो तिला म्हणाला. "ही अशीच आहे. लग्नात हिनं फादरना चुकलेला शब्द सुधारायला लावला होता."

"मला आठवतंय की, मी होते ना," ल्युसेत म्हणाली, आणि दोघं हसले. माझ्या दारात, माझी बिस्किटं खाऊन, माझ्यावर. मी दात खाऊन गप्प बसले. पण मग तिचं बोलणं संपत आलं, तिनं पेला खाली ठेवला आणि उठायला म्हणून गुडघ्यांवर हात टेकवले, तशी मी बिस्किटांची ताटली परत तिच्यापुढे सरकवली.

"एवढंच?" मी म्हटलं. "आणि नाल्याचं काय?"

"कुठल्या नाल्याचं?"

"पुलाखालच्या. तिकडे पण सांडलंय बरंच. मीठ पाण्यात गेलं. त्याचं काही नाही बोललीस."

"नाल्यातसुद्धा?" ल्युसेत परत मागे टेकली. तिचा आवाज पुन्हा चढला. मी तिचा पेला भरला.

ती गेली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पायरीपर्यंत मी तिच्याबरोबर गेले. लिफाफा तिनं माझ्या हातात दिला, दंडाचा होता, मी न उघडताच खिशात घातला.

"ऐक," मी म्हटलं. "ज्यांच्या ज्यांच्या गाडीला माझं मीठ लागलंय त्यांना सांग, फोनवर मी कुणाचं ऐकून घ्यायची नाही. भांडायचं असेल तर दारात यावं. दुपारी यावं, ऊन असताना."

ल्युसेत काहीतरी बोलणार होती. मग तिनं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. आम्हा दोघींचं पटत नसलं तरी ती बावळट नाही.

"सांगते," ती म्हणाली. "पण चालत यावं लागेल. या मिठात कुणी गाडी घालणार नाही."

"मग चालत यावं. पाय गंजत नाहीत कुणाचे."

दुसऱ्या दिवशी रेआल आला. वळणापासून इथवर शिव्या देतच आला, पुलापाशी होता तेव्हापासून ऐकू येत होत्या. त्याच्या मागोमाग बेकरीवाला आणि त्याचा भाऊ. बेकरीवाल्याच्या काखेत पाव होता, भांडायला निघालेला माणूस पाव कशाला आणतो ते त्यालाच ठाऊक. पोस्टातली बाई आली, तिला स्वतःची गाडीच नाही, भावाच्या वतीनं भांडते म्हणाली. ओमेरनं बेकरीवाल्याला बेअरिंगचं सांगितलं, मग ते चौघं पुरुष बेअरिंगवरच अर्धा तास बसले, आणि मला त्यांना आठवण करून द्यावी लागली की तुम्ही माझ्याशी भांडायला आलायत.

आणि मी काही गप्प बसले नाही. ल्युसेतपुरतं ठीक होतं. या लोकांना मी सगळं सुनावलं, आवाज चढवून सुनावलं. म्हटलं, तुम्हाला इथवर चालत येता येतं हे आज कळलं होय? इतके दिवस पाय कुणी बांधून ठेवले होते? मीठ खाल्लेला पत्रा दिसला म्हणून धावत आलात, आणि हा माणूस इथे बसून सडतोय तो कुणाला दिसला नाही. रेआल म्हणाला, "ओदील, पुरे आता." मी म्हटलं, पुरे नाही, बस खाली, अजून संपलेलं नाही माझं. तो बसला. मी कुणाला माफ केलेलं नाही आणि करणार नाही, हे इथेही सांगून ठेवते.

अंधार पडायच्या आत सगळे गेले. वाऱ्यात बर्फाचा वास होता. मी ओमेरला आत आणलं, दार लावलं, यंत्राची नळी सरळ केली. बोलून बोलून त्याचा आवाज बसला होता. वाटाण्याचं सूप त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं चमचा उचलला, श्वास गोळा केला.

"उद्या कोण येणार भांडायला?"

"नोटरी," मी म्हटलं. "गाडी नवी आहे त्याची."

"मग बराच वेळ बसेल," ओमेर म्हणाला, आणि वाडगा रिकामा करून त्यानं आणखी सूप मागितलं.